गॉथचा पांढरा, ब्लॅक मेटलचा पांढरा

भाचीने गेल्या आठवड्यात दोन फोटो पाठवले. "मावशी, कॉलेजच्या डेजना गॉथ लुक करायचाय. यातला कुठला जमेल?" एका फोटोत सूझी सू, सूझी अँड द बॅन्शीजची गायिका. दुसऱ्यात नॉर्वेच्या इम्मॉर्टल या ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटल रॉकच्या एका काळोख्या शाखेतल्या, बँडचा एकेकाळचा गायक अबाथ. दोन्ही चेहरे पांढरेफटक, दोघांचे डोळे काळ्यात बुडालेले. पण त्यातली गॉथ, म्हणजे काळोखं संगीत आणि काळा पेहराव जपणाऱ्या मंडळींपैकी, एकटी सूझीच. अबाथच्या चेहऱ्यावर आहे त्याला कॉर्प्स पेंट म्हणतात, म्हणजे प्रेतकळा आणणारा रंग. उगम वेगळा, सामान वेगळं, लावायची रीतही वेगळी. एकाची कृती वाचून दुसरं करायला गेलं की दोन्ही बिघडतं.

ओळखायचं असेल तर मी आधी ओठ आणि भुवया बघते. गॉथमध्ये ओठांची कड रेखलेली असते, भुवई बारीक आणि कमानदार, गालाच्या हाडाखाली सावली. जे मूळचं आहे तेच ठसठशीत केलेलं. कॉर्प्स पेंटमध्ये भुवया रंगाखाली गडप होतात, ओठ काळ्या डागात विरघळतात, डोळ्यांच्या जागी खोबण्या उरतात. सूझीचा चेहरा आणखी सूझीचा होतो. अबाथचा माणसाचा वाटेनासा होतो, आणि त्याला तेच हवं असतं.

गॉथ उगवलं ते ब्रिटनमध्ये, पंक या बंडखोर रॉक संगीताच्या पाठोपाठ. सूझी बँड घेऊन पहिल्यांदा उभी राहिली ती सप्टेंबर १९७६ मध्ये, लंडनच्या १०० क्लबमध्ये. १९७९ मध्ये नॉर्दम्प्टनच्या बाउहाउस बँडने आपलं पहिलं गाणं काढलं. ते नऊ मिनिटांहून लांब होतं, आणि विषय होता १९३१ साली पडद्यावर ड्रॅक्युला झालेला नट बेला लुगोसी. जुलै १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह हा क्लब सुरू झाला आणि या मंडळींना हक्काचा अड्डा मिळाला.

चेहरा मात्र त्याहून कितीतरी जुना, मूकपटांच्या काळातला. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल ओठ पडद्यावर काळे उमटत, त्वचेतली लाली डागांसारखी दिसे. म्हणून नटनट्या चेहऱ्यावर फिकट, जाड थर द्यायच्या आणि डोळे काळ्याने भरायच्या. १९१७ मध्ये क्लिओपात्रा झालेल्या थीडा बाराचे डोळे बघा आणि लगेच सूझीचे बघा, नातं सांगावं लागणार नाही. कॅमेऱ्याची एक उणीव झाकायला केलेली रंगभूषा साठेक वर्षांनी ब्रिटनच्या मुलामुलींनी आपलीशी केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांच्यातच द क्युअर बँडचा रॉबर्ट स्मिथ होता, जो काही काळ बॅन्शीजसाठी गिटारही वाजवायचा. त्याची लाल लिपस्टिक कायम ओठांबाहेर फिसकटलेली. गॉथ नीटनेटकंच हवं असं कुणी म्हटलं तर त्याचा फोटो दाखवावा.

कॉर्प्स पेंटची वाट हेवी मेटलमधून जाते. ऍलिस कूपर, १९७३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेला किस बँड, डेन्मार्कचा किंग डायमंड, सगळे चेहरा रंगवत होतेच. पण किसच्या रंगात मांजर होती, चांदणी होती, पात्रं होती. १९८८ मध्ये नॉर्वेच्या मेहेम बँडमध्ये एक स्वीडिश गायक आला, 'डेड' हे नाव घेऊन. त्याला पात्र व्हायचं नव्हतं, प्रेत दिसायचं होतं. मातीचा वास लागावा म्हणून तो स्टेजचे कपडे पुरून ठेवायचा. १९९१ मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. हे वाचल्यापासून पार्टीसाठी तो चेहरा रंगवणं मला जमत नाही.

आणखी एक फरक फोटोत दिसत नाही. कॉर्प्स पेंट स्टेजचा आहे. कार्यक्रम संपला की पुसला जातो आणि माणूस साध्या चेहऱ्याने घरी जातो. गॉथ तोच चेहरा घेऊन बसमध्ये चढतात, कामाला जातात. त्याची किंमतही मोजतात. ऑगस्ट २००७ मध्ये लँकशायरच्या एका बागेत सोफी लँकास्टर या २० वर्षांच्या मुलीला आणि तिच्या मित्राला केवळ गॉथ दिसतात म्हणून टोळक्याने बेदम मारहाण केली. सोफी वाचली नाही. पुढे २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषातून केलेले गुन्हे म्हणून करायला सुरुवात केली.

आता प्रत्यक्ष हात चालवू. कॉर्प्स पेंटला फेस पेंट लागतो, पाण्याचा किंवा ग्रीसचा. पांढरा आधी लावतात, पण डोळ्यांभोवती आणि तोंडाशी जागा कोरी सोडतात. ग्रीसच्या पांढऱ्यावर काळा फिरवला की राखाडी चिखल होतो. मग काळा भरायचा आणि वरून पावडर थापायची, नाहीतर पहिल्या घामातच ओघळ. रंग चेहऱ्यासाठीच बनवलेला हवा, पोस्टर कलर कधीच नाही.

गॉथचं सामान बहुतेकींच्या ड्रॉवरमध्ये असतं. डोळे आधी करावेत, म्हणजे सांडलेली आयशॅडो पुसून मग फाउंडेशन लावता येतं. काळी मॅट आयशॅडो ब्रशने ओढू नये, दाबून बसवावी. काठाला थोडा वाइन किंवा जांभळा मिसळला की काळ्याला खोली येते. आपल्याकडे इथे काजळ हाताशी आहे. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेली, तुपात कालवलेली घरची काजळी मऊ असते, पसरते. रॉबर्ट स्मिथसारखा विस्कटलेला डोळा हवा तर उत्तम. सूझीच्या धारदार रेघा मात्र या काजळीने जमणार नाहीत, तिथे जेल किंवा लिक्विड लायनरच घ्यावं. भुवया बारीक दाखवायच्या तर त्या उपटायची गरज नाही. धुतला जाणारा ग्लू स्टिक फिरवून केस चपटे बसवायचे, पावडर लावायची, कन्सीलरने झाकायचं आणि वर नवी कमान काढायची. ओठांना काळी पेन्सिल कडेने आणि आत गडद मरून. अख्खे काळे ओठ मला सपाट वाटतात.

राहिला पांढरा, आणि इथेच आपल्या मुली सर्वांत जास्त फसतात. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर पांढऱ्या फाउंडेशनची राखेसारखी निळसर झाक येते, चेहरा आजारी दिसतो आणि मान वेगळीच. फिकट करायचंच असेल तर आपल्या रंगाहून एक-दोन छटा उजळ फाउंडेशन घ्यावं आणि ते कान, मान, गळ्यापर्यंत न्यावं. माझं मत विचाराल तर तेही नको. आपलाच रंग मॅट ठेवा, गालाखाली थंड तपकिरी सावली द्या आणि काळा, मरून, जांभळा बिनधास्त गडद करा. गॉथला हवा असतो तो ठळकपणा, आणि सावळ्या चेहऱ्यावर मरून ओठ जसे खुलतात तसे फिक्या चेहऱ्यावर खुलत नाहीत.

भाचीला हेच कळवलं. नवीन लायनर आदल्या दिवशी कानामागे लावून बघ म्हटलं, आणि रात्री आधी खोबरेल तेलाने डोळे पुसून मगच फेसवॉश. तिने पांढरा बेत सोडलाय. ओठांसाठी जांभळाकडे झुकणारा मरून शोधतेय.