‘गायचंय’पासून ‘गाईन’पर्यंत: इटालियन क्रियापदांच्या तक्त्यामागचा इतिहास

इटालियन शिकायला बसलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच तो तक्ता पडतो. मराठी व्याकरण ज्यांना स्वार्थ, आज्ञार्थ, संकेतार्थ म्हणतं तसले चार अर्थ आणि त्यांच्या जोडीला धातुसाधितांचे तीन गट, असे एकूण सात. एकट्या स्वार्थात आठ काळ. सगळ्या अर्थांचे काळ मोजले तर एकवीस होतात आणि त्यांतल्या बहुतेकांना सहा-सहा रूपं. तक्त्याकडे बघून वाटतं, कुणीतरी पट्टी-पेन्सिल घेऊन हा आखला असणार. तसं झालेलं नाही. यातली काही रूपं थेट रोमन लोकांच्या तोंडातली आहेत, काही रोमचं साम्राज्य मोडल्यावर रूढ झाली, आणि एका खान्यातला एक स्वर पक्का व्हायला तर १८४० साल उजाडलं.

लॅटिनची इटालियन कधी झाली याला तारीख नाही. पण इटलीतल्या बोलीचा पहिला पक्का लेखी पुरावा आहे आणि तो निघाला जमिनीच्या दाव्यातून, हे आपल्याकडच्या माणसाला अगदी ओळखीचं वाटेल. मार्च ९६० मध्ये कापुआ इथे मोन्तेकास्सीनोचा मठ आणि रोदेल्ग्रीमो नावाचा एक जमीनदार यांचा खटला उभा राहिला. निवाड्याची भाषा लॅटिन, साक्षीदारांच्या तोंडचं वाक्य मात्र बोलीतलं, जसंच्या तसं उतरवलेलं: ‘साओ को केल्ले तेर्रे...’ म्हणजे, मला ठाऊक आहे की त्या जमिनी, इथे सांगितलेल्या हद्दींसकट, तीस वर्षं संत बेनेदिक्तच्या मठाच्या ताब्यात होत्या. त्या वाक्यात क्रियापदं तीनच. त्यांतलं ‘साओ’ आज ‘सो’ झालंय, आणि ‘पोस्सेत्ते’ हा तोच भूतकाळ आहे ज्याला आजचे विद्यार्थी ‘पास्सातो रेमोतो’ (शब्दश: दूरचा भूतकाळ) म्हणून घाबरतात.

लॅटिनमध्ये क्रियापदांचे चार गण होते, इटालियनमध्ये ‘-आरे’, ‘-एरे’, ‘-इरे’ असे तीन उरले. मधल्या गणात लॅटिनचे दोन गण एकमेकांत मिसळले. त्याची खूण अजून कानाला लागते: ‘वेदेरे’मध्ये (पाहणे) आघात ‘दे’वर येतो, ‘क्रेदेरे’मध्ये (विश्वास ठेवणे) ‘क्रे’वर. लिहिताना फरक दिसत नाही, म्हणून परक्या माणसाची हमखास चूक होते.

खरी उलथापालथ झाली ती भविष्यकाळात. लॅटिनमध्ये ‘कान्ताबित’ म्हणजे ‘तो गाईल’ आणि ‘कान्तावित’ म्हणजे ‘तो गायला’. दोन्हींमध्ये फरक काय तो ब आणि व या व्यंजनांचा. पुढे बोलीत शब्दाच्या मधले ब आणि व सारखेच ऐकू यायला लागले. गाणं झालं की व्हायचंय हेच कळेना, तर त्या रूपाचा उपयोग काय? लोकांनी दुसरी वाट धरली: ‘कान्तारे हाबेओ’. शब्दश: ‘माझ्याकडे गाणं आहे’, भाव मात्र आपल्या ‘मला गायचं आहे’चा. आपण ‘उद्या मला पुण्याला जायचंय’ म्हणतो तेव्हा त्यात कर्तव्य किती आणि भविष्य किती हे वेगळं काढता येत नाही. लॅटिन बोलणाऱ्यांचंही तसंच झालं.

मग दोन शब्द चिकटले. मराठी माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. ‘करतो आहे’चं ‘करतोय’ आणि ‘गेला आहे’चं ‘गेलाय’ आपण रोज करतो. सातव्या शतकात फ्रँकांच्या मुलुखात लिहिल्या गेलेल्या, फ्रेडेगारच्या नावावर असलेल्या बखरीत या चिकटण्याचा एक जुना नमुना आहे. इराणचा पराभूत राजा प्रांत परत द्यायला नकार देतो, ‘नोन दाबो’, देणार नाही. सम्राट जस्टिनियन म्हणतो, ‘दारास’, देशील! आणि म्हणे त्यावरून त्या ठिकाणच्या शहराचं नाव दारास पडलं. व्युत्पत्ती म्हणून गोष्ट शंभर टक्के खोटी. पण एकाच संवादात राजाच्या तोंडी जुना भविष्यकाळ आणि सम्राटाच्या तोंडी नवा, एवढ्यासाठी भाषेच्या अभ्यासकांना ही थाप इतिहासापेक्षा मोलाची वाटते.

आजची इटालियन रूपं पाहा: कान्तेरो, कान्तेराइ, कान्तेरा. शेवटचे तुकडे म्हणजे ‘ओ, आइ, आ’, ‘असणे-बाळगणे’ या अर्थाच्या ‘आवेरे’ क्रियापदाचा वर्तमानकाळ, दुसरं काही नाही. ‘आम्ही’चं रूप ‘कान्तेरेमो’. आज ‘आमच्याकडे आहे’ला ‘आब्बिआमो’ म्हणतात, मग हा ‘-एमो’ आला कुठून? पूर्वी ‘आवेमो’ म्हणत, तिथून. ‘आवेमो’ प्रमाण भाषेतून गेला, त्याची शेपटी भविष्यकाळात अडकून राहिली. मूळ ‘कान्तारे’मधल्या ‘ता’चा ‘ते’ झाला ही मात्र फ्लॉरेन्सची लकब. शेजारच्या सिएनाची बोली ‘कान्तारो’च म्हणत राहिली.

प्रत्यय हा झिजलेला शब्द असतो, या कल्पनेचा एक धागा आपल्या किनाऱ्याला लागून जातो. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती १५८३ साली हिंदुस्थानात आला, कोची आणि गोव्यात राहिला आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. घरी पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिलं की संस्कृतातले सहा, सात, आठ, नऊ, देव, सर्प हे शब्द आपल्या भाषेतल्या शब्दांशी जुळतात. तो शब्दांपाशी थांबला. क्रियापदांच्या रूपांपर्यंत पोचायला १८१६ साल लागलं. त्या वर्षी फ्रान्झ बॉपने संस्कृत, ग्रीक, लॅटिन, पर्शियन आणि जर्मानिक भाषांची आख्यातरूपं शेजारी-शेजारी मांडली, आणि प्रत्ययांच्या पोटात जुनी सहायक क्रियापदं आणि सर्वनामं शोधली. त्याचे सगळे निष्कर्ष टिकले नाहीत. पद्धत टिकली.

संकेतार्थाचं घराणं भविष्यकाळाचंच. ‘कान्तेरेइ’ म्हणजे ‘मी गाईन (जर...)’. इथे ‘आवेरे’चा वर्तमान न चिकटता भूतकाळ चिकटला. गंमत अशी की फ्रेंच आणि स्पॅनिशने याच कामाला अपूर्ण भूतकाळ लावला, तर फ्लॉरेन्सने पूर्ण भूतकाळ. तेराव्या शतकात दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारातले सिसिलीचे कवी ‘सारिया’, ‘आव्रिया’ अशी ‘-इया’ची रूपं वापरत. बोलण्यातून प्रमाण रूप म्हणून ती उठली, तरी कवितेने सोडली नाहीत. थेट एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेरांच्या संहितांतही ती भेटतात. जुनी रूपं गाण्यात टिकतात, हे ओव्या म्हणणाऱ्यांना सांगायला नको.

अनियमित क्रियापदांबद्दल सगळ्यात जास्त कुरकुर होते. ‘लिहिणे’चा पास्सातो रेमोतो घ्या: स्क्रिस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रिस्से. पहिलं आणि तिसरं एका वळणाचं, दुसरं भलतंच. कारण आघातात आहे. लॅटिनमध्ये ‘मी’ आणि ‘तो’च्या रूपांत आघात धातूवर होता, तिथे जुना घाट तसाच राहिला. ‘तू’च्या रूपात आघात प्रत्ययावर होता, तिथे धातू मोकळा सुटला आणि चारचौघांसारखा झाला. (‘आम्ही’चं रूप या हिशेबात नीट बसत नाही, ते ‘तू’-‘तुम्ही’च्या पंगतीला जाऊन बसलं.) ‘जाणे’चंही तेच: वादो, वाइ, वा, पण आन्दिआमो, आन्दाते. आघात धातूवर असेल तिथे एक क्रियापद, नसेल तिथे दुसरंच. आपल्याला यावर हसायचा हक्क नाही. ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचा, ‘गेला’ ‘गम्’चा, आणि शाळेत मुलांना आपण ‘जा’चा भूतकाळ ‘गेला’ असं डोळा न मिचकावता शिकवतो.

हा सगळा पसारा तक्त्यात पहिल्यांदा बसवला लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीने, साधारण १४४० मध्ये. हो, तोच वास्तुशास्त्रज्ञ. त्याच्या काही वर्षं आधी विद्वानांत वाद पेटला होता की जुन्या रोममधले सामान्य लोक लॅटिन बोलत होते की दुसरीच एखादी भाषा, आणि बोलीला मुळात व्याकरण असतं का. आल्बेर्तीने वाद घालत न बसता तोस्काना प्रांताच्या बोलीचं छोटं व्याकरण लिहून टाकलं. संकेतार्थापाशी पोचल्यावर, हे लॅटिनमध्ये नाही, असं सांगून त्याने त्याला स्वत:चं वेगळं नाव दिलं. ते नाव चाललं नाही आणि पुस्तिकाही छापली गेली नाही. १५०८ मध्ये पिएत्रो बेम्बोसाठी केलेली तिची एक नक्कल तेवढी उरली, ती छापून आली १९०८ साली.

बेम्बो व्हेनिसचा. १५२५ मध्ये त्याने लोकभाषेवरचा आपला ग्रंथ छापला आणि चौदाव्या शतकातल्या कवी पेत्रार्काची आणि गद्यलेखक बोक्काच्चोची भाषा हीच कसोटी ठरवली. पण जिथे पटलं नाही तिथे पेत्रार्कालाही सोडलं नाही. कवीच्या ‘सेमो’, ‘आवेमो’ या रूपांना त्याने बाहेर काढलं आणि ‘-इआमो’ पक्का केला. हा ‘-इआमो’ मुळात संशय-इच्छा दाखवणाऱ्या अर्थाचा, म्हणजे कोन्जुन्तीवोचा. फ्लॉरेन्सच्या लोकांनी तो स्वार्थात ओढला होता. म्हणून आज ‘कान्तिआमो’ म्हणजे ‘आम्ही गातो’ही आणि ‘आपण गाऊ या’ही.

अपूर्ण भूतकाळात मात्र बेम्बोच्या पठडीची रूपं टिकली नाहीत. लॅटिन ‘कान्ताबाम’पासून ‘मी’ आणि ‘तो’ दोघांचंही रूप ‘कान्तावा’ आलं होतं. बोलीत ‘मी’साठी ‘कान्तावो’ कधीच रुळला होता, पुस्तकं ‘-आ’ धरून बसली होती. मिलानच्या आलेस्सान्द्रो मान्झोनीने आपली कादंबरी १८२७ मध्ये पुरी केली, मग तिचे कपडे आर्नो नदीत खळबळून काढले, म्हणजे फ्लॉरेन्सच्या जिवंत बोलीनुसार सगळी भाषा पुन्हा तपासली. १८४० पासून निघालेल्या नव्या आवृत्तीत ‘आवेवा’च्या जागी ‘आवेवो’ आला. पुढे हीच कादंबरी शाळाशाळांत लागली आणि ‘-ओ’ घरोघरी गेला. फ्लॉरेन्सच्या तक्त्यावर शेवटचा हात फिरवणारे दोघेही फ्लॉरेन्सबाहेरचे, हे मला तरी नवल वाटतं. आणि हा तक्ता तेव्हा किती जणांचा होता? १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा इटालियन बोलू शकणारे भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरोच्या हिशेबाने अडीच टक्के होते. उदार अंदाजही दहा टक्क्यांच्या आसपासच थांबतात.

तक्ता ठरला तरी वापरणारे आपल्या सोयीने वापरतात. उत्तरेत ‘मी लिहिलं’ला ‘ओ स्क्रित्तो’ म्हणतात, मग ते काल लिहिलेलं असो की चाळीस वर्षांपूर्वी. सिसिलीत सकाळच्या गोष्टीलाही पास्सातो रेमोतो चालतो. आणि ज्या भविष्यकाळासाठी एवढा खटाटोप झाला, त्याची बोलण्यातली जागा पुन्हा आकसत चालली आहे. ‘उद्या जाईन’ऐवजी सर्रास ‘दोमानी वादो’, उद्या जातो. दाराची घंटा वाजली आणि कुणी ‘सारा मार्को’ म्हणालं, तर त्यातला ‘सारा’ व्याकरणाने भविष्यकाळ आहे, पण तो म्हणतोय एवढंच: मार्को असेल.