बंद कारखान्यात कलाकारांची वस्ती

बंद पडलेली गिरणी, कारखाना किंवा गोदाम न पाडता तिथेच स्टुडिओ, थिएटर, वर्कशॉप आणि राहायची घरं करायची, असा हा प्रकार. सुरुवात बहुतेक वेळा सरकारी प्लॅनमधून होत नाही, स्वस्त भाड्यामुळे होते. उंच छत, मोठ्या खिडक्या, माल चढवायची लिफ्ट हे सगळं मशीन आणि मालासाठी बांधलेलं असतं पण शिल्पकाराला नेमकं तेच हवं असतं.

न्यूयॉर्कच्या सोहोत १९६०च्या दशकात हेच झालं. इमारती उद्योगांसाठी राखीव, म्हणजे राहणं बेकायदा, तरी आर्टिस्ट राहायचेच, मग बाहेर ए.आय.आर. (आर्टिस्ट इन रेसिडेन्स, म्हणजे इथे कलाकार राहतो) अशी पाटी लावायची, म्हणजे आग लागली तर बंबवाल्यांना कळेल कुठल्या मजल्यावर माणूस आहे. १९७१ मध्ये शहराने कलाकारांपुरती परवानगी दिली. पुढे भाग फॅशनेबल झाला, भाडी भडकली आणि बरेच कलाकारच तिथून उठले.

बर्लिनचं ऊफाफाब्रिक मात्र टिकलं. टेम्पेलहोफ भागात ऊफा या सिनेमा कंपनीची फिल्म धुवून प्रिंट काढायची लॅब होती, ती बंद पडून पाडायच्या बेतात होती. जून १९७९ मध्ये तरुण मंडळी शांतपणे आत शिरली आणि तिथेच राहिली, नंतर शहराशी रीतसर भाडेकरार झाला. आज तिथे थिएटर, सर्कस, बेकरी, शाळा, मुलांसाठी प्राण्यांचं फार्म आहे, छतांवर झाडं आणि सोलर, पावसाचं पाणी साठवून टॉयलेटला वापरतात, आणि लोक अजून तिथेच राहतात. करार हातात होता म्हणून हे जमलं असं म्हणायला हरकत नाही, नाहीतर त्याचंही सोहो झालं असतं.

मुंबईत गिरणगावाला ही संधी फारशी मिळालीच नाही. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१च्या नियमाने जमिनीचे तीन भाग ठरवले: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. म्हणजे शेड पाडली की खालची जमीन मालकाचीच, मग ठेवतंय कोण! फिनिक्स मिलची चिमणी तेवढी मॉलमध्ये उभी आहे. काही गिरणी कामगारांना म्हाडाच्या लॉटरीत त्याच भागात घरं मिळाली, पण तीही नव्या टॉवरमध्ये.