पावसाची नक्षत्रे

पावसाची नक्षत्रे म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्यावरून पावसाळ्याचे दिवस मोजण्याची महाराष्ट्र व गोव्यातील जुनी रीत. एका नक्षत्रात सूर्य सुमारे साडेतेरा दिवस राहतो. मेअखेरच्या रोहिणीपासून ऑक्टोबरअखेर लागणाऱ्या स्वातीपर्यंत अशी बारा नक्षत्रे होतात. शेतकरी पावसाची गोष्ट तारखांनी सांगत नाही. ‘मृग कोरडा गेला’, ‘हस्त बरसला’ असेच म्हणतो.

लोकांनी या नक्षत्रांना माणसांची नावे दिली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण बहुतेकांना ठाऊक असते. भात इतका पिकेल की कुत्राही खाईना, असे काही ठिकाणी चित्रा नक्षत्राबद्दल म्हणतात, तर काही ठिकाणी उत्तरा नक्षत्राबद्दल.

एकच नक्षत्र सगळीकडे सारखे मोलाचे नसते. कोकणात भाताची धूळवाफेवरची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी रोहिणीत होते आणि ७-८ जूनला मिरग (मृग) लागला की घरोघरी कोंबडा शिजतो. घाटावर लाल मखमली मृगाचा किडा दिसला की पेरणीची चाहूल लागते. सोलापूर व मराठवाड्याच्या काळ्या रानात मात्र डोळे लागतात ते उत्तरा आणि हस्ताकडे, कारण रब्बीची ज्वारी त्या ओलीवर उभी राहते. सप्टेंबरअखेर लागणाऱ्या हस्तात मोसमी वारे परतीच्या वाटेवर असतात. दुपारपर्यंत ऊन तापते, ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडाटासह सरी कोसळतात. मुलींचा हादगा किंवा भोंडला याच नक्षत्रातला, पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचा.

पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहनही दिलेले असते. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागायचे. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, मग मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि शून्याला हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस, असा समज आहे. दर पंधरवड्याला वाहनांचे तक्ते फोनवर आवडीने फिरतात, पण त्यांना हवामानाचा अंदाज मानणे चूक आहे. या गणितात वारा, बाष्प, समुद्राचे तापमान काहीच येत नाही आणि उत्तर सगळ्या राज्याला एकच मिळते. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास! म्हणींचे तसे नाही. त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आल्या आहेत, म्हणून त्या जपून ठेवण्याजोग्या आहेत.

हे मोजमापही स्थिर नाही. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे, सूर्याचा नक्षत्रप्रवेश दर सुमारे ७१ वर्षांनी ऋतूंच्या मानाने एक दिवस पुढे सरकतो. आजच्या दिनदर्शिकेच्या हिशेबाने शिवकाळात मृग जूनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच लागत असे. पाऊसही नेहमी या चौकटीत बसत नाही. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, म्हणजे मृगातली. २०२५ साली तो २६ मे रोजी, रोहिणी नुकती लागली असतानाच, येऊन थडकला.