फिक्सी आणि सिंगल-स्पीड: पाय थांबवल्यावर कळणारा फरक

लहान मुलाची तीनचाकी सायकल आठवा. पायडलं थेट पुढच्या चाकाला जोडलेली. सायकल उताराला लागली की पायडलं गरागरा फिरतात आणि पोर घाबरून दोन्ही पाय वर उचलतं. आता आजोबांची काळी, दांडीची सायकल आठवा. तिलाही एकच गिअर. पण उतार आला की आजोबा पाय थांबवून निवांत बसायचे आणि मागून फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू यायची. फिक्सी ही त्या तीनचाकीच्या जातीची. सिंगल-स्पीड ही आजोबांच्या सायकलची नात.

दोन्हींना एकच गिअर, दोन्ही दिसायला सडपातळ, वायरी कमी, म्हणून दुकानात आणि जाहिरातींत दोघींनाही सरसकट ‘फिक्सी’ म्हणतात. विकत घेताना मागचं चाक उचला आणि हाताने पुढच्या दिशेने फिरवा. पायडलंही फिरू लागली तर ती फिक्स्ड, जागीच राहिली तर सिंगल-स्पीड. चाक उलटं फिरवून मात्र पाहू नका. उलटं फिरवलं की दोन्ही सायकलींची पायडलं फिरतात आणि बरेच जण तिथेच फसतात.

सगळा फरक मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर आहे. फ्रीव्हीलच्या पोटात छर्रे असतात आणि स्प्रिंगवर बसवलेले ‘कुत्रे’ असतात. पायडल मारलं की कुत्रे आतल्या दात्यांत अडकतात आणि चाक ओढलं जातं. पाय थांबले की तेच कुत्रे दात्यांवरून घसरत राहतात, ती टिकटिक त्यांचीच. फिक्स्डच्या कॉगला असं पोट नसतं. तो पोलादाचा एक अखंड दातेरी तुकडा, आट्यांवरून थेट हबला आवळलेला. चाक फिरतंय तोवर चेन फिरणार आणि चेन फिरतेय तोवर पाय फिरणार. पहिल्यांदा फिक्सी चालवताना सवयीने पाय थांबवलेत, तर सायकल तुम्हाला सीटवरून अक्षरशः उचलते. पाय अडकवायच्या बुटांनी किंवा पट्ट्यांनी पायडलला बांधलेले असतील तर तो झटका थेट गुडघ्यात जातो. म्हणून पहिला आठवडा मोकळ्या मैदानात काढावा असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता बांधणीकडे येऊ, कारण या गोंधळाची खरी किंमत तिथे मोजावी लागते.

कॉगचे आटे सरळ असतात. पुढे जोर लावला की तो आणखी आवळला जातो. पण फिक्सीवर आपण वेग कमी करायला पायांनी मागे रेटतो आणि तो जोर कॉगला सोडवायच्या दिशेने असतो. त्यावर उपाय म्हणून खऱ्या फिक्स्ड हबवर कॉगच्या बाहेर आट्यांची दुसरी, थोडी लहान पायरी असते आणि तिचे आटे उलटे असतात. त्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉगला जागी धरणारी कडी बसते. कॉग सुटायच्या दिशेने जरा जरी हलला, तरी तो लॉकरिंगला आपल्यासोबत ओढतो. तिचे आटे उलटे असल्याने त्या दिशेला ती सुटत नाही, घट्ट होते. दोघे एकमेकांना अडवून धरतात. इतकी साधी आणि इतकी चोख युक्ती सायकलमध्ये दुसरी कुठली असेल असं मला वाटत नाही.

फ्रीव्हीलच्या हबवर ही दुसरी पायरी नसते, कारण फ्रीव्हील मागच्या दिशेला जोर घेतच नाही. मात्र पहिल्या पायरीचे आटे सहसा दोन्हीकडे एकाच मापाचे असतात, 1.37 इंच व्यास आणि इंचाला 24 आटे. त्यामुळे फ्रीव्हील काढून तिथे कॉग फिरवला तर तो छान बसतो. वर बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलच्या आसाजवळची रिंगसुद्धा बसते, तिचंही माप तेच. पण तिचे आटे सरळ, म्हणून कॉग सुटताना ती त्याच्याबरोबर सुटत जाते.

माझी पहिली फिक्सी एका दुकानात नेमकी अशीच बांधून मिळाली होती. आट्यांना चिकटवायचा द्रव लावलाय, काही होणार नाही, असं सांगितलं गेलं. तिसऱ्या आठवड्यात चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना पायांनी मागे रेटलं आणि अचानक पायाखालचा विरोधच नाहीसा झाला. पाय उलटे मोकळे फिरले, चाक आपल्या वेगाने पुढे. सायकलला पुढचा ब्रेक बसवलेला होता म्हणून समोरच्या बसच्या बऱ्याच आधी थांबलो. घरी येऊन चाक काढलं, तर कॉग बोटांनी फिरत होता आणि आट्यांच्या कडा चमकत होत्या, घासून सपाट होऊ लागलेल्या. फिक्सी बांधायची तर हब खराच घ्या, ही माझी एकमेव हट्टाची गोष्ट आहे.

खऱ्या हबवरसुद्धा घाई नको. आट्यांना ग्रीस लावा, कॉग हाताने पूर्ण बसवा, मग चेन लावलेल्या पान्याने आवळा. लॉकरिंग हुकाच्या पान्याने घट्ट करा. त्यानंतर एखाद्या छोट्या चढावर उभं राहून जोरात पायडल मारा. कॉग आणखी किंचित आत सरकतो आणि लॉकरिंग पुन्हा थोडी फिरते. ती पुन्हा आवळा, मगच रस्त्यावर उतरा.

चेनचा ताण हा दुसरा फरक. सिंगल-स्पीडची चेन थोडी सैल असली तर खडखडते, फार तर उतरते आणि तुम्ही घरंगळत कडेला थांबता. फिक्सीची चेन धावताना उतरली आणि कुठे अडकली, तर मागचं चाक जागीच जाम होतं. चेनच्या मधोमध बोटाने दाबल्यावर ती वरखाली साधारण अर्धा इंच हलावी, त्याहून जास्त नको. म्हणून फिक्सीच्या फ्रेमला मागे आडव्या खाचा हव्यात, म्हणजे चाक मागेपुढे सरकवून ताण जुळवता येतो. गिअरच्या सायकलींना हल्ली उभ्या खाचा असतात. तशा फ्रेमवर चेन ताणायला स्प्रिंगची चकती लावून सिंगल-स्पीड मजेत होते, फिक्सी होत नाही. मागे रेटलं की सगळा जोर चेनच्या खालच्या बाजूवर येतो आणि ती चकती वाकते किंवा तुटते.

ब्रेकबद्दल. सिंगल-स्पीडला दोन ब्रेक हवेतच. फिक्सीला एकही नको, असं सांगणारे भेटतात. ट्रॅकवर ते खरं आहे. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातल्या 250 मीटरच्या लाकडी ट्रॅकवर धावणाऱ्या सायकलींना ब्रेक नसतो, कारण तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि कुणी अचानक थांबणं हाच धोका असतो. जपानमध्ये 1948 साली कोकुरा इथे सुरू झालेल्या केरिन या ट्रॅकवरच्या शर्यतीही अशाच. रस्त्यावर समोरून रिक्षा वळते. पाय रेटून फक्त मागचं चाक थांबतं आणि सायकल हळू होताना वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं हलकं होऊन घसरतं. निदान पुढचा ब्रेक तरी लावाच. ब्रिटनमध्ये फिक्स्ड चाक मागचा ब्रेक म्हणून चालतं, पण पुढचा ब्रेक तिथल्या नियमातही लागतोच.

मागचं चाक पायांनी जाम करून घसरवत थांबवणाऱ्यांसाठी दात्यांचं गणितही महत्त्वाचं. पाय दर वेळी एकाच स्थितीत अडवले जातात, म्हणून टायरही ठरावीक जागीच घासतो. पुढे 48 आणि मागे 16 दाते घेतले तर गुणोत्तर बरोबर 3, म्हणजे तोच पाय पुढे ठेवून घसरवलं तर टायरची एकच जागा पुन्हा पुन्हा झिजते आणि काही दिवसांत धागे दिसू लागतात. 46 आणि 17 घेतले तर अशा 17 जागा मिळतात. सिंगल-स्पीडवाल्याला या हिशोबाची गरजच नाही, त्याने चढ पाहून दाते ठरवावेत.

याच 46-17 वर 700 मापाचं चाक पायडलच्या एका फेरीत सुमारे 5.7 मीटर पुढे जातं. ताशी 30 किलोमीटरला पाय मिनिटाला 88 वेळा फिरतात, ते सुखाचं आहे. ताशी 50 ला 147 वेळा, आणि त्यातून सुटका नाही. सिंगल-स्पीडवर त्याच उतारावर तुम्ही वाऱ्याची मजा घेत बसलेले असता. उलट पुण्याच्या गर्दीत, पावसात, रिम ओली असताना मला फिक्सीच बरी वाटते. चाक किती धरतंय, घसरायला लागलंय का, हे पायातून लगेच कळतं. दोन्ही हात हँडलवर ठेवून, ब्रेकला न शिवता, पुढच्या स्कूटरच्या वेगाशी वेग जुळवता येतो.

एकच निवडायला जमत नसेल तर दोन्ही बाजूंना आटे असलेला हब मिळतो, एका बाजूला लॉकरिंगसह कॉग आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. 1937 मध्ये गिअर बदलायच्या यंत्रणेला परवानगी मिळेपर्यंत टूर द फ्रान्सचे स्पर्धकही डोंगराच्या पायथ्याशी उतरून चाक काढत, उलटं करून दुसऱ्या बाजूचे दाते चेनला लावत. माझ्या चाकावर एका बाजूला 17 दात्यांचा कॉग आहे, दुसरीकडे 20 चं फ्रीव्हील. शहरात कॉग. रविवारी सिंहगडाला निघालो की घाट सुरू होण्याआधी चहाच्या टपरीपाशी सायकल उलटी ठेवतो, 15 नंबरच्या पान्याने नट सैल करतो, चाक फिरवून बसवतो. तीन दाते वाढतात म्हणून चाक खाचेत सेंटीमीटरभर पुढे येतं. चेन दाबून पाहतो, नट आवळतो आणि निघतो.