होली अपॉसल्स चर्चचे अन्नछत्र : पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, नवव्या ॲव्हेन्यूवर, एपिस्कोपल पंथाचे होली अपॉसल्स चर्च आहे. १८४०च्या दशकात उभारलेल्या या चर्चची मंडळी १९८०च्या सुमारास इतकी रोडावली होती की ते चालू ठेवणेच अवघड होऊन बसले होते. अशा विपन्न अवस्थेतल्या मंडळींनी २२ ऑक्टोबर १९८२ रोजी दुपारच्या जेवणाचे अन्नछत्र उघडले. पहिल्या दिवशी सुमारे ३५ जण जेवले.

याची गरज त्याच सुमारास का भासली, हे तेव्हाच्या परिस्थितीवरून उलगडते. मंदीमुळे १९८२च्या अखेरीस अमेरिकेतील बेकारी १० टक्क्यांच्या वर गेली होती आणि त्याआधीच्याच वर्षी रेगन सरकारने गरिबांना अन्नखरेदीसाठी मिळणारे फूड स्टॅम्प व शाळांतील जेवणाचे अनुदान यांना कात्री लावली होती. न्यूयॉर्कमध्ये याहून खोल दुखणे होते ते निवाऱ्याचे. एकट्या माणसाला परवडतील अशा भाड्याच्या खोल्या देणारी जुनी हॉटेले झपाट्याने नाहीशी होत होती आणि मनोरुग्णालयांतून बाहेर पडलेल्या अनेकांची पुढची सोय कोणीच केली नव्हती. म्हणूनच मंदी सरली तरी रांग ओसरली नाही. काही वर्षांतच पानांची संख्या रोज शेकड्यांत गेली.

एप्रिल १९९० मध्ये चर्चला भीषण आग लागली; छप्पर जळाले, जुन्या रंगीत काचचित्रांपैकी काहींची हानी झाली. तरीही शेजारच्या मिशन हाऊसमधली पंगत चुकली नाही. या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय मात्र, माझ्या मते, त्यानंतरचा आहे. १९९४ मध्ये जीर्णोद्धार पुरा झाला, तेव्हा मुख्य सभागृहातली उपासकांची बाके पुन्हा बसवायची नाहीत, असे ठरले. त्यामुळे आठवड्याच्या कामाच्या दिवशी त्याच उंच छताखाली गोल टेबले मांडली जाऊ लागली आणि जिथे रविवारी उपासना होते, तिथेच भुकेल्यांना पाहुण्यासारखे बसवून गरम जेवण मिळू लागले. येणाऱ्याचा धर्म विचारला जात नाही, की गरिबीचा पुरावाही मागितला जात नाही.

२०२०च्या मार्चमध्ये कोविडमुळे आत बसवून वाढणे थांबले, तेव्हा बांधलेले जेवण दारावर देऊन मंडळींनी हे काम चालूच ठेवले.