नायकाची ‘एकच इच्छा’: एक खुलासा

पटकथेतल्या नायकाला एकच ठाम इच्छा असते, कारण खरी माणसेही तशीच जगतात, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट; म्हणून दोन तासांत मावेल एवढीच इच्छा लेखक निवडतो. एका माणसाच्या आयुष्यातल्या साऱ्या घटनांतून एकसंध कथानक होत नाही, हे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने केव्हाच सांगितले आहे. पडद्यावरचा, कोकणातल्या हर्णै बंदराचा मच्छीमार फक्त नवी होडी मागेल. प्रत्यक्षात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत जाळी दुरुस्त करताना त्याला कर्ज फिटायला हवे असते, मुलाने मुंबई गाठावी असे वाटते आणि त्याने दर्यावरच यावे असेही वाटते. शिवाय नारळी पौर्णिमेनंतर तो होडी लोटतो, त्यामागे (माझ्या मते) इच्छेपेक्षा सवयच अधिक असते.