पॉयरोची नवी कादंबरी आणि होम्सची नवी कादंबरी, या दोन्ही 'नव्या' मध्ये फरक आहे

मैत्रिणीने परवा पुस्तकांच्या दुकानातून एका कव्हरचा फोटो पाठवला. अगाथा ख्रिस्तीचं नाव आहे, तिचा डिटेक्टिव्ह हर्क्युल पॉयरोचं आहे आणि सोबत सोफी हॅना असंही एक नाव आहे. खाली तिचा प्रश्न, 'अगं ही ख्रिस्तीची राहून गेलेली कादंबरी आहे का, नंतर कुठे सापडलेली?' मी नाही म्हटलं तर लगेच दुसरा मेसेज, 'म्हणजे शेरलॉक होम्सवर कुणीही लिहितं तसंच ना?' तर नाही, तसंही नाही. हा गोंधळ मी इतक्या जणांचा बघितलाय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

लेखक गेल्यावर त्याच्या डिटेक्टिव्हवर दुसऱ्या कुणी रहस्यकथा लिहायची याच्या मुख्य दोन तऱ्हा आहेत. एकीत वारसदार स्वतः लेखक निवडतात, परवानगी देतात, कव्हरवर मूळ लेखकाचं नाव वापरू देतात, ही अधिकृत पुढची कादंबरी. दुसरीत मूळ लेखनाचा कॉपीराइट संपलेला असतो, पात्र सगळ्यांचं झालेलं असतं आणि लेखक कुणालाही न विचारता आपल्या हिमतीवर मूळ शैलीच्या वळणाने लिहितो, याला बरेच जण पास्टिश म्हणतात. खरं तर पास्टिश हा शब्द फक्त शैलीबद्दल आहे, परवानगीचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

पॉयरोचं आधी बघू. ख्रिस्ती १९७६ मध्ये गेली. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात म्हणजे तिकडे २०४६ संपेपर्यंत, आपल्याकडे ६० वर्षांचा नियम आहे म्हणजे २०३६ संपेपर्यंत. तोवर या दोन्ही देशांत पॉयरोला हात लावायचा तर अगाथा ख्रिस्ती लिमिटेड या कंपनीला विचारावं लागतं, तिच्या घरातलीच माणसं ती बघतात. त्यांनी सोफी हॅना या लेखिकेला हो म्हटलं आणि २०१४ मध्ये 'द मोनोग्राम मर्डर्स' आली, मग 'क्लोज्ड कास्केट', 'द मिस्टरी ऑफ थ्री क्वार्टर्स' आणि पुढच्या. यातला प्लॉट ख्रिस्तीच्या कुठल्या वहीतून आलेला नाही, पूर्ण हॅनाचा आहे. 'मोनोग्राम' मध्ये लंडनच्या एका हॉटेलात तीन खोल्यांत तीन मृतदेह, प्रत्येकाच्या तोंडात एकेक कफलिंक, ही कल्पना तिचीच. त्यामुळे 'सापडलेली कादंबरी' वगैरे डोक्यातून काढून टाका.

(मधलं एक प्रकरण आहे, चार्ल्स ऑस्बॉर्न नावाच्या लेखकाने ख्रिस्तीच्या 'ब्लॅक कॉफी' या १९३० च्या नाटकाची १९९८ मध्ये कादंबरी केली. तिथे गोष्ट ख्रिस्तीची आणि वर्णनं दुसऱ्याची, म्हणजे तो तिसराच प्रकार झाला.)

आता अडचण अशी की ख्रिस्तीने पॉयरोला स्वतः मारलंय. 'कर्टन' तिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून बंद करून ठेवली होती, ती १९७५ मध्ये छापली गेली, आणि तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पॉयरोचा मृत्युलेख चक्क पहिल्या पानावर दिला होता. म्हणजे पुढे काय झालं हे लिहायची सोयच नाही, दार तिनेच कुलूप लावून बंद केलंय. मग हॅनाने काय केलं, मधली फट शोधली. 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' १९२८ ची आणि नंतरची पॉयरो कादंबरी 'पेरिल अ‍ॅट एंड हाउस' १९३२ ची, तर हिने आपली पहिली गोष्ट १९२९ मध्ये बसवली. आणि हेस्टिंग्जला, म्हणजे ख्रिस्तीच्या बऱ्याच गोष्टी सांगणाऱ्या पॉयरोच्या मित्राला, निवेदक केलंच नाही, स्कॉटलंड यार्डचा कॅचपूल नावाचा नवाच माणूस आणला. मला हा निर्णय फार आवडतो. कारण हेस्टिंग्जचा आवाज काढायला गेली असती तर प्रत्येक वाक्याला आपण मनात ख्रिस्ती ठेवून मोजलं असतं, कॅचपूल नवा असल्यामुळे पॉयरोकडे बघणारी नजरच बदलते आणि ती ख्रिस्तीची नक्कल आहे असा दावाही राहत नाही. तरी मला तिचे प्लॉट जरा जास्तच गुंतागुंतीचे वाटतात. ख्रिस्तीचा उलगडा एका वाक्यात सांगता येतो, हॅनाचा सांगायला कागद-पेन घेऊन बसावं लागतं.

परवानगीबरोबर मर्यादाही येते. कुणी अट सांगो न सांगो, अधिकृत लेखकाला पॉयरो जसाच्या तसा परत कपाटात ठेवायचा असतो. त्याच्या मिशा, त्याचा नीटनेटकेपणा, मेंदूतल्या त्या 'करड्या पेशी', सगळं सहीसलामत.

होम्सचं अगदी उलट. होम्सचा लेखक कॉनन डॉइल, त्याने दारं उघडीच ठेवली. होम्सचा मित्र आणि त्याच्या गोष्टी सांगणारा वॉटसन सारखा न सांगितलेल्या केसेसचा उल्लेख करतो, सुमात्राचा तो राक्षसी उंदीर आहेच, चेरिंग क्रॉसच्या कॉक्स अँड कंपनी बँकेत एक पत्र्याची पेटी आहे म्हणतो आणि तिच्यात अशा केसेसचे कागद भरलेत. वर विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने नाटकासाठी होम्सचं लग्न लावलं तर चालेल का असं विचारलं तेव्हा डॉइलचं उत्तर होतं की लग्न लावा, खून करा, काय वाटेल ते करा. ख्रिस्तीच्या बाबतीत असं उत्तर मला कल्पनेतसुद्धा ऐकू येत नाही.

आणि कायद्याने पण होम्स लवकर मोकळा झाला. डॉइल १९३० मध्ये गेला, तेव्हा आपल्याकडे नियम ५० वर्षांचा होता म्हणजे भारतात तो १९८१ पासून सगळ्यांचा. (आपल्याकडे ५० चे ६० झाले ते १९९२ मध्ये, टागोरांच्या लेखनाचे हक्क संपत होते म्हणून, पण डॉइल तोवर सुटला होता.) म्हणून आज मराठीत होम्सचा अनुवाद कुणीही छापू शकतो आणि ख्रिस्तीचा करायचा तर आधी हक्क घ्यावे लागतात.

अमेरिकेत मात्र भांडण झालं आणि ते समजून घेण्यासारखं आहे. तिथे डॉइलच्या शेवटच्या दहा कथांचे हक्क शिल्लक होते. लेस्ली क्लिंगर हा वकील आणि होम्सचा अभ्यासक, त्याने लॉरी किंग या लेखिकेबरोबर वेगवेगळ्या लेखकांच्या नव्या होम्सकथांचं संपादन केलं, पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकाने डॉइलच्या वारसांना ५००० डॉलर दिले, दुसऱ्याच्या वेळी क्लिंगर सरळ कोर्टात गेला. वारसांचं म्हणणं की दहा कथा बाकी आहेत म्हणजे होम्स हे पात्र अजून पूर्ण झालेलंच नाही, म्हणून सगळाच आमचा. २०१४ मध्ये अपील कोर्टात न्यायमूर्ती पॉस्नर यांनी हे फेटाळलं, जुन्या कथांमधला होम्स मोकळा, फक्त त्या दहा कथांत नव्याने आलेलं तेवढं वारसांचं. तरी २०२० मध्ये 'एनोला होम्स' या होम्सच्या धाकट्या बहिणीवरच्या सिनेमावरून परत केस झालीच, या वेळी दावा असा की भावना दाखवणारा, मायाळू होम्स फक्त शेवटच्या कथांतला आहे. ती केस त्याच वर्षी मिटली आणि २०२३ च्या १ जानेवारीला उरलेल्या कथाही मोकळ्या झाल्या.

मोकळीक मिळाली की लेखक काय करू शकतो याचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे जामयांग नोरबू या तिबेटी लेखकाची १९९९ मध्ये भारतात आलेली 'द मंडाला ऑफ शेरलॉक होम्स'. डॉइलच्या 'द एम्प्टी हाउस' या कथेत होम्स वॉटसनला सांगतो की मी दोन वर्षं तिबेटमध्ये होतो, सिगरसन नावाचा नॉर्वेजियन म्हणून वावरलो, बस एवढंच, ओळीभर. नोरबूने त्या ओळीची कादंबरी केली. होम्स बोटीने मुंबईला उतरतो (वॉटसनसुद्धा अफगाण युद्धाच्या वेळी मुंबईलाच उतरला होता, पहिल्याच कादंबरीत आहे ते) आणि निवेदक आहे हरी चंदर मुखर्जी, म्हणजे किपलिंगच्या 'किम' मधला बंगाली गुप्तहेर. दोन लेखकांची पात्रं एका गाडीत बसवून ल्हासाला नेली. पुढे तर गोष्ट मंत्र-चमत्कारापर्यंत जाते, जे डॉइलच्या होम्सने कध्धी मान्य केलं नसतं. काही होम्सभक्तांना हे पटत नाही, मला पटतं, कारण देश हरवलेल्या माणसाने ल्हासाची वाट इतक्या जीवाने लिहिलीय की होम्स तिथे नुसता पाहुणा वाटत नाही. अशी कादंबरी कुठल्याही वारसदाराच्या टेबलावरून पास झाली असती असं मला वाटत नाही.

आता मैत्रिणीचा पुढचा प्रश्न, मग अँथनी होरोविट्झचं २०११ चं 'द हाउस ऑफ सिल्क' कशात? तो होम्स, पण कव्हरवर डॉइल इस्टेटची, म्हणजे वारसांची, संमती. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये तेव्हा परवानगीची गरजच नव्हती, तिकडचे हक्क २००० संपताना संपले होते. म्हणजे इथे संमती हे कायद्याचं कुलूप नाही, तो वाचकाला दिलेला भरवसा आहे. आणि होरोविट्झने हॅनाच्या उलट रस्ता धरला, थेट वॉटसनचाच आवाज उचलला, म्हातारा एकटा वॉटसन लिहितोय आणि कागद शंभर वर्षं बंद ठेवायला सांगतोय. मला विचाराल तर आवाज त्याने जमवलाय, जिथे गोष्ट काळी होत जाते तिथे ती डॉइलने त्या काळात लिहिली नसती हे कळतं, पण वॉटसनने का लपवली असती हेही कळतं.

मी मैत्रिणीला एवढंच लिहिलं की कव्हरवर कुणाची संमती आहे ते बघ, मग पहिली दोन पानं उभ्याउभ्या वाच आणि गोष्ट कोण सांगतंय ते बघ. तिने 'मोनोग्राम' घेतलं. मंडाला दुकानात नव्हतं, माझी प्रत रविवारी नेणारे.